तालीमखोली बंद करून मैफली वाचणार नाहीत
आमच्या अर्ली म्युझिक संस्थेच्या कार्यकारिणीस खुले पत्र

माननीय अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणीचे सर्व सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

येत्या हंगामाचे परिपत्रक सभासदांच्या हाती पडले. छोट्या सभागृहातल्या मैफली बंद, त्यांच्या जागी मोठ्या प्रेक्षागृहात मोजकेच कार्यक्रम. दर महिन्याचे सामूहिक वादन बंद. मुलांचा रेकॉर्डरचा, म्हणजे लाकडी बासरीचा, वर्ग बंद. उसनी दिलेली वाद्ये परत मागवून विक्रीला काढायची, स्वरलिपीच्या प्रतींची कपाटे रिकामी करायची आणि हार्प्सिकॉर्डऐवजी डिजिटल कीबोर्ड आणायचा. एवढे सगळे एका पानात उरकले आहे. यातला एकही विषय सर्वसाधारण सभेपुढे आला नव्हता. मी आपल्याला आधी खासगी पत्र लिहून कारणे विचारली होती. ‘आपल्या सूचनांची नोंद घेतली आहे’ एवढेच उत्तर आले. म्हणून आता उघडपणे लिहिते आहे. पत्र आपल्याला उद्देशून असले तरी ते इतरांनीही वाचावे अशी माझी इच्छा आहे, कारण सभासदांच्या जिवावर चालणाऱ्या कुठल्याही छोट्या कलासंस्थेत उद्या हेच होऊ शकते.

ज्यांचा या संगीताशी परिचय नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अर्ली म्युझिक म्हणजे ढोबळमानाने मध्ययुगापासून १७५० पर्यंतचे युरोपीय संगीत. १७५० हे जर्मन रचनाकार योहान सेबास्टियन बाख यांच्या मृत्यूचे साल. सोयीसाठी तिथे रेघ ओढतात. त्या काळची वाद्ये आजच्या वाद्यवृंदात दिसत नाहीत. पियानोसारखा दिसणारा हार्प्सिकॉर्ड तार ठोकत नाही, छेडतो. व्हायोला दा गांबा गुडघ्यांमध्ये धरून गजाने वाजवतात, पण तिच्या मानेवर आतड्याच्या दोरीचे पडदे बांधलेले असतात. शिवाय ल्यूट नावाचे, बोटांनी छेडायचे तारवाद्य आहे, रेकॉर्डर नावाची लाकडी बासरी आहे, चामड्यात मढवलेला वाकडा कॉर्नेट आहे. मधल्या काळात यातली बहुतेक वाद्ये संग्रहालयात जाऊन पडली होती. ती तिथून बाहेर आली ती हौशी माणसांनी हट्ट धरला म्हणून, आणि आज मला जे सांगायचे आहे ते या हट्टाशीच निगडित आहे.

मी टेनर व्हायल, म्हणजे मधल्या मापाची व्हायोला दा गांबा, वाजवते. हाती आलेले पहिले वाद्य संस्थेचे होते. गज तळवा वर करून कसा धरायचा, पडदा सैल झाला तर पुन्हा कसा बांधायचा, दुसऱ्याचा भाग ऐकत आपला भाग कसा वाजवायचा, हे मला एका ज्येष्ठ सभासदाने शिकवले. त्यांनी कधी शुल्क घेतले नाही. ‘पुढच्याला शिकव’ एवढेच म्हणाले. यथावकाश मी स्वतःचे वाद्य घेतले आणि ते उसने वाद्य दुसऱ्याच्या हाती गेले. आज एक शाळकरी मुलगी त्यावर शिकते आहे. परिपत्रकाप्रमाणे तिने ते महिनाअखेर जमा करायचे आहे. स्वरलिपीच्या प्रतींची कपाटेही माझ्याकडे आहेत. त्यामुळे या पानावरची जवळजवळ प्रत्येक ओळ माझ्या ओळखीच्या कुणाला तरी लागून जाते.

सर्वांत मोठी चूक मासिक सामूहिक वादन बंद करण्याची आहे. परिपत्रक त्याला ‘पूरक उपक्रम’ म्हणते आणि मैफलींना ‘मुख्य कार्य’ म्हणते. हे संगीत ज्यांनी रचले त्यांना हा भेद कळला नसता. ल्यूटवादक आणि रचनाकार जॉन डाउलंड यांनी १५९७ मध्ये लंडनमध्ये आपला पहिला गीतसंग्रह छापला. त्याच्या पानाची मांडणी पाहा. एक भाग सरळ, दुसरा आडवा, तिसरा उलटा छापला आहे. पुस्तक टेबलावर मध्यभागी उघडे ठेवायचे, चार बाजूंना चौघांनी बसायचे, आणि प्रत्येकाला आपला भाग आपल्यासमोर सरळ दिसायचा. हे छापताना नुसत्या ऐकणाऱ्याचा विचार कुणी केलेला नाही. टेबलाभोवती बसणाऱ्यांचा केला आहे. हा संग्रह पुन्हा पुन्हा छापावा लागला, एवढी टेबले त्या काळी होती.

लंडनमध्येच, क्लार्कनवेल भागात, टॉमस ब्रिटन नावाचा कोळसा विकणारा माणूस राहत होता. १६७८ पासून मरेपर्यंत, म्हणजे १७१४ पर्यंत, त्याने आपल्या कोळशाच्या कोठारावरच्या माळ्यावर मैफली भरवल्या. अरुंद जिन्याने लोक वर चढत. दिवसा पाठीवर कोळसा वाहणारा हा माणूस संध्याकाळी व्हायोला दा गांबा वाजवी, आणि त्याच्या माळ्यावर उमराव आणि कारागीर शेजारी बसत. प्रसिद्ध रचनाकार हँडल तिथे वाजवायला येत असे सांगितले जाते. जर्मनीत लाइपझिगला रचनाकार टेलेमान यांनी विद्यापीठातले विद्यार्थी जमवून ‘कोलेगियुम मुझिकुम’ हे वादकमंडळ उभे केले, आणि १७२९ मध्ये त्याची सूत्रे बाख यांच्याकडे आली. ही मंडळी दर आठवड्याला त्सिमरमान यांच्या कॉफीघरात वाजवत, उन्हाळ्यात त्यांच्या बागेत. चर्चची नोकरी सांभाळून बाख दहा-बारा वर्षे, मध्ये थोडा खंड सोडता, हे करत राहिले. त्यांच्या हाताखाली वाजवणारे बहुतेक विद्यार्थी होते, व्यावसायिक नव्हते. आज जगभर तिकीट काढून ऐकली जाणारी बाख यांची हार्प्सिकॉर्ड कन्चेर्टो, म्हणजे एकल हार्प्सिकॉर्ड आणि वृंद यांच्या रचना, याच कॉफीघरात वाजली असावीत, असे अभ्यासक मानतात.

आणि बाख विस्मृतीत गेल्यावर त्यांना परत कुणी आणले? १८२९ मध्ये बर्लिनला वीस वर्षांच्या फेलिक्स मेंडेलसोन या रचनाकाराने बाख यांच्या ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ या मोठ्या धार्मिक गानरचनेचा प्रयोग केला, ही गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक असते. त्या प्रयोगात गाणारे कोण होते ते मात्र फारसे सांगितले जात नाही. ती झिंगअकाडेमी होती, १७९१ मध्ये स्थापन झालेली हौशी गायकांची संस्था. नोकरदार, व्यापारी, त्यांच्या बायका आणि मुली आठवड्याला जमून जुने संगीत गात. बाहेर कुणी विचारत नव्हते तेव्हा बाख यांच्या रचना त्यांच्या तालमीत चालू होत्या. ती तालीम चालू होती म्हणून पुढे मैफल झाली. विसाव्या शतकातही हेच घडले. आर्नोल्ड डोल्मेच यांनी जुनी वाद्ये दुरुस्त केली, नवी घडवली, घरच्या माणसांना वाजवायला शिकवले, आणि १९२५ मध्ये इंग्लंडमधल्या हेझलमिअर या छोट्या गावी महोत्सव सुरू केला. अमेरिकेत रेकॉर्डर वाजवणाऱ्यांची संस्था १९३९ मध्ये, इंग्लंडमधली १९३७ मध्ये आणि तिथलीच व्हायोला दा गांबाची संस्था १९४८ मध्ये सुरू झाली. नामवंत वादक बोलावून मोठी प्रेक्षागृहे भरवणे हा यांपैकी कुणाचाच मूळ हेतू नव्हता. एकत्र बसून वाजवता यावे म्हणून त्या निघाल्या. ज्याला आपण पूरक म्हणता ते या चळवळीचे मूळ आहे.

हे इतिहासापुरते नाही. आपल्या मैफलींना येणारी माणसे कोण आहेत ते एकदा दाराशी उभे राहून पाहा. सामूहिक वादनाला येणारे तिथे असतात. त्यांनी घरचे, शेजारचे, कचेरीतले कुणीतरी सोबत आणलेले असते. मुलांच्या वर्गातल्या पालकांची एक रांग असते. व्हायलच्या कन्सॉर्टमध्ये, म्हणजे एकत्र वाजवणाऱ्या गटात, सहा भाग एकमेकांत गुंफलेले असतात. ज्याने यातला एक भाग, कितीही अडखळत, स्वतः वाजवला आहे त्याला उरलेले पाच ऐकू येऊ लागतात. आमच्या संगीताचा श्रोता असाच तयार होतो. जाहिरात पाहून एकदा येणारा माणूस पुन्हा येईल की नाही हे सांगता येत नाही. गटात बसलेला माणूस हमखास येतो, आणि आजारी असला तर कुणाला तरी आपले तिकीट देऊन पाठवतो.

मुलांच्या वर्गाबद्दल वेगळे लिहायला हवे, कारण परिपत्रकात त्याला फक्त अर्धे वाक्य मिळाले आहे. रेकॉर्डर हे स्वस्तातले, हातात मावणारे वाद्य आहे आणि पहिल्याच दिवशी त्यातून सूर निघतो. म्हणून कित्येकांना ते लहान मुलांचे खेळणे वाटते. पण हेच वाद्य टेलेमान, हँडल आणि व्हिवाल्दी यांनी एकल वादनासाठी वापरले. आपल्या वर्गात मूल पहिली काही गाणी वाजवू लागले की त्याला लगेच चार भागांच्या गटात बसवले जाते. सोप्रानो, आल्टो, टेनर आणि बास अशी चार मापांची वाद्ये, आणि प्रत्येकावर एकेक मूल. कुणी चुकला तर चौघे थांबतात, मागे जातात, पुन्हा सुरू करतात. हा वर्ग चालवणाऱ्या शिक्षिका मानधन म्हणून जे घेतात ते आपल्या एका छापील कार्यक्रमपत्रिकेच्या खर्चाशी ताडून पाहावे, अशी माझी विनंती आहे. आकडे आपल्याकडे आहेत.

दुसरा मुद्दा मोठ्या प्रेक्षागृहाचा. तिथे खुर्च्या जास्त आहेत हे खरे. पण ल्यूटचा आवाज त्या खुर्च्यांपर्यंत पोचत नाही. क्लॅव्हिकॉर्ड हे छोटे कळवाद्य तर इतके हळू बोलते की शेजारच्या खोलीतही जेमतेम ऐकू यावे. ते माणसाने स्वतःसाठी वाजवायचे वाद्य आहे. आतड्याच्या तारांना पोलादी तारांचा ताण सोसत नाही आणि त्यांचा नाद गोल, जवळचा असतो. म्हणून आपण ध्वनिवर्धक बसवणार असल्याचे परिपत्रकात म्हटले आहे. इथे काय हरवते ते सांगते. बास व्हायलच्या वादकाने गज तारेवर टेकवताना जो बारीक खरखरता उच्चार येतो, ल्यूटची तार सुटल्यावर लाकडात जी आस राहते, गायकाने व्यंजन टाकण्याआधी घेतलेला श्वास, या सगळ्यातून हे संगीत बोलते. ध्वनिवर्धकातून यातले काही सपाट होते, काही भलतेच मोठे होते. आणि दिशा जाते. व्हेनिसच्या सेंट मार्क बॅसिलिकात वेगवेगळ्या सज्जांतून गायक आणि वादकांचे गट एकमेकांना उत्तरे देत. रचनाकार जोवान्नी गाब्रिएली यांनी ती जागा डोळ्यांसमोर ठेवून रचना केल्या. आपल्या सभासदांच्या गायकवृंदाने छोट्या सभागृहाच्या दोन टोकांना उभे राहून दोन वृंदांची रचना गायली तेव्हा श्रोत्यांच्या माना आपोआप इकडून तिकडे वळत होत्या. तोच कार्यक्रम ध्वनिवर्धकातून ऐकवला तर दोन्ही वृंद एकाच पेटीतून बाहेर येतील.

मोठी जागा कधीच नको, असे माझे म्हणणे नाही. मोठ्या वृंदाचा, पितळी वाद्यांचा, नगाऱ्यांसह होणारा एखादा कार्यक्रम तिथे शोभेल. पण अख्खा हंगाम तिथे नेला तर ल्यूटवरचे एकल वादन, चार व्हायल, एक आवाज आणि थिओर्बो (लांब मानेचा मोठा ल्यूट), असे कार्यक्रम आपोआप बाद होतील. हा संगीताचा फार मोठा भाग आहे, आणि माझ्या मते सर्वांत उत्तम भाग.

हार्प्सिकॉर्डबद्दल. ते वाद्य लहरी आहे, मान्य. हवेत दमटपणा वाढला की सूर सरकतात, उतरला की दुसरीकडे सरकतात. मैफलीआधी जुळवावे लागते, मध्यंतरात पुन्हा पाहावे लागते. आपण लिहिले आहे की डिजिटल कीबोर्डला ही कटकट नाही. बटण दाबून तो ४१५वर येतो हेही मला माहीत आहे. (वाचकांसाठी: आजच्या वाद्यवृंदांचा प्रमाण स्वर सेकंदाला ४४० कंपनांचा. सतराव्या-अठराव्या शतकातल्या संगीतासाठी आज सर्वसाधारणपणे ४१५ धरतात, म्हणजे सुमारे अर्धा स्वर खाली. त्या काळात मात्र गावागणिक स्वर वेगळा असे.) बऱ्याच कीबोर्डांत जुन्या जुळवणीच्या पद्धतीही भरलेल्या असतात.

पण हार्प्सिकॉर्डची कळ जोरात दाबली म्हणून आवाज मोठा होत नाही, हळू दाबली म्हणून लहान होत नाही. त्यामुळे वादक भाव दुसऱ्या मार्गाने आणतो. स्वरसमूह एकदम न वाजवता खालून वर उलगडतो, एखादा स्वर केसभर उशिरा टाकतो, जिथे भर हवा तिथे जास्त स्वर घेतो, जिथे गायकाला मोकळीक द्यायची तिथे एकच स्वर ठेवून थांबतो. त्याच्यापुढे फक्त खर्जाची ओळ आणि तिच्याखाली आकडे लिहिलेले असतात. बाकीचे सगळे तो जागच्या जागी रचतो. तारेचा नाद हवेत विरत जातो, ते ऐकून पुढचा स्वरसमूह कधी टाकायचा ते ठरते. तारांखालची लाकडी फळी प्रत्यक्ष थरथरते आणि बाजूच्या व्हायलवाल्याला ती थरथर अंगाला जाणवते. पेटीतून येणाऱ्या नोंदवलेल्या आवाजाशी आमचे गज असे जुळत नाहीत. मी दोन्ही प्रकारच्या वाद्यांसोबत वाजवले आहे, म्हणून हे ठामपणे सांगते.

शिवाय ती जुळवणीची कटकट हाच आपल्या संस्थेतला एक सुंदर उपक्रम होता. मैफलीआधी दार लवकर उघडायचे आणि ज्याला हवे त्याने बसून जुळवणी ऐकायची. तंबोरा जुळवताना जसा कान तारेच्या आत शिरतो तसाच इथेही शिरतो. दोन तारा जवळ आल्या की नादाला लाटा येतात. त्या मंदावत मंदावत थांबल्या की सूर मिळाला. आजच्या समान अंतरांच्या जुळवणीत गांधार शुद्ध गांधारापेक्षा जवळपास १४ सेंटने चढा असतो. अर्ध्या स्वराचे १०० सेंट धरले तर हे थोडे नाही. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या मीनटोन जुळवणीत हा गांधार शुद्ध ठेवत आणि त्याची किंमत एका पंचमाला मोजायला लावत. तो इतका बेसूर होई की त्याला ‘लांडगा’ म्हणत. मग रचनाकार त्या पंचमाच्या वाटेला जात नसत. हे पुस्तकात वाचून डोक्यात शिरत नाही. शुद्ध गांधार ऐकवला, मग लांडगा ऐकवला, की शाळकरी मुलांनाही क्षणात कळते. त्या तासाला येणाऱ्यांपैकी काही जण आज स्वतः जुळवणी करतात. ते काम त्यांनी आनंदाने पुढे चालू ठेवायची तयारी दाखवली आहे आणि संस्थेला त्याचा खर्च येणार नाही.

आता कपाटे. आपल्याला ती जागा अडवणारी अडगळ वाटत असेल. त्यांत काय आहे हे मला माहीत आहे, कारण प्रत्येक संच माझ्या हाताखालून गेला आहे. जुन्या छापील पुस्तकांच्या छायाप्रती आहेत. सभासदांनी स्वतः उतरवून काढलेले सुटे भाग आहेत. गायकांना पाठातली लॅटिन, इटालियन अक्षरे कशी उच्चारायची याच्या खुणा आहेत, गजाच्या दिशा आहेत, कुठल्या सुरावर कंप द्यायचा हे पेन्सिलने लिहिलेले आहे. ‘सगळे आता इंटरनेटवर मिळते’ हे परिपत्रकातले वाक्य अर्धेच खरे आहे. मूळ पाने पुष्कळ मिळतात आणि त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. पण आपल्या गटांनी वर्षानुवर्षे वाजवून त्यांवर केलेले काम तिथे मिळत नाही.

संच फुटला की काय होते याचे एक उदाहरण या संगीताच्या इतिहासातच आहे. त्या काळी सगळे भाग एका पानावर लिहीत नसत. प्रत्येक आवाजाचे वेगळे पुस्तक असे. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये जॉन बाल्डविन या गायकाने असा एक संच स्वतःच्या हाताने लिहून काढला. तो आज ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च कॉलेजात आहे. पाच पुस्तके आहेत. सहावे, टेनरचे (मधल्या पुरुषी आवाजाचे), हरवले आहे. जॉन शेपर्ड यांच्यासारख्या मोठ्या रचनाकाराच्या कित्येक रचना याच संचामुळे टिकल्या, आणि टेनरविना टिकल्या. जिथे टेनर जुने ठरलेले स्तोत्रगान गात होता तिथे तो भाग दुसरीकडून भरून काढता येतो. बाकी ठिकाणी अभ्यासकांना अंदाजाने रचून घालावा लागतो. एक पुस्तक कुणीतरी कुठेतरी ठेवले आणि ते परत आले नाही, एवढेच झाले असेल. आपण तर सगळे कपाट पिशव्यांत भरून ‘ज्याला हवे त्याने न्यावे’ म्हणून दाराशी ठेवणार आहात.

कार्यक्रमात गाण्याचे शब्द आणि त्यांचा अर्थ छापलेला कागद यापुढे मिळणार नाही, असेही कळले. माद्रिगालमध्ये, म्हणजे अनेक आवाजांत गायल्या जाणाऱ्या काव्यगीतात, संगीत शब्दाच्या मागे चालते. ‘मृत्यू’ आला की सूर कोसळतात, ‘उसासा’ आला की मध्येच विराम येतो. शब्द कळले नाहीत तर श्रोत्याला फक्त गोड आवाज ऐकू येतील. एक कागद, तोही नको?

पैशांचा प्रश्न मी टाळत नाही. संस्थेला तूट आहे, वर्गण्या वाढत नाहीत, भाडे वाढते आहे. आपण सगळे स्वतःचा वेळ खर्चून बिनमोबदला हे काम करता, त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. अनेक वर्षे आपल्यापैकी काहींसोबत मी खुर्च्या मांडल्या आहेत. पण तूट कशातून आली हे सभासदांना दाखवलेले नाही. ताळेबंदात वर्ग, सामूहिक वादन, वाद्यांची देखभाल आणि मैफलींची व्यवस्था हे सगळे ‘उपक्रम’ या एका ओळीत आहे. बाहेरून येणाऱ्या गटांचे मानधन, प्रवास, प्रेक्षागृहाचे भाडे आणि ध्वनिव्यवस्था वेगळी काढली तर कदाचित आपलेच म्हणणे बरोबर ठरेल. मग आम्ही ऐकू. आकडे न दाखवता सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जिवंत गोष्टी आधी कापल्या, हे पटत नाही.

आणि विकलेले वाद्य परत येत नाही. आपल्याकडच्या व्हायलांपैकी काही देणगीदारांनी ‘शिकणाऱ्यांना द्यावी’ एवढी एकच अट घालून दिल्या आहेत. ती अट देणगीच्या पत्रात लिहिलेली आहे आणि ती पत्रे दप्तरात आहेत. ही वाद्ये विकण्याचा अधिकार कार्यकारिणीला आहे का, हे तिने आधी तपासावे.

माझ्या मागण्या अशा आहेत.

परिपत्रकाची अंमलबजावणी तूर्त थांबवावी आणि हा सगळा विषय विशेष सर्वसाधारण सभेपुढे ठेवावा. सभेची सूचना घटनेप्रमाणे पुरेशी आधी, हिशेबांसह द्यावी, आणि त्या हिशेबांत प्रत्येक उपक्रमाचा खर्च आणि उत्पन्न वेगळे असावे.

सभा होईपर्यंत एकही वाद्य परत मागू नये, विकू नये. ज्या मुलांकडे आज वाद्ये आहेत त्यांच्या घरी तसे लेखी कळवावे. मुलांना भीती घालून वाट पाहायला लावू नये.

मासिक सामूहिक वादन आणि मुलांचा वर्ग चालू ठेवावा. खोलीच्या भाड्याचा प्रश्न असेल तर दिवस बदलू, वेळ बदलू, वर्गणीत थोडी वाढ करू. पण हे सभासदांना विचारून करावे.

हंगामात निदान निम्म्या मैफली छोट्या सभागृहात, ध्वनिवर्धकाविना व्हाव्यात. निदान एक मैफल पूर्णपणे सभासदांच्या गटांची असावी, आणि तिला बाहेरून आलेल्या गटाइतकीच जागा कार्यक्रमपत्रिकेत मिळावी.

हार्प्सिकॉर्ड ठेवावा. जुळवणीची जबाबदारी घ्यायला तयार असलेल्या सभासदांची नावे मी सचिवांकडे देते. शब्दांचा कागद परत सुरू करावा. भाषांतर आणि छपाईपूर्व काम आम्ही करू.

प्रतींच्या संग्रहाची आधी यादी व्हावी. ती मी आणि आणखी काही सभासद करायला तयार आहोत. यादी झाल्यावर काय ठेवायचे, काय एखाद्या ग्रंथालयाला पूर्ण संचासह द्यायचे, ते सभेने ठरवावे. सुटी पाने कुणालाही देऊ नयेत.

कपाटांच्या किल्ल्या माझ्याकडे आहेत. यादी करायला कार्यकारिणीतले कुणीही केव्हाही यावे, मी दार उघडेन. कपाटे रिकामी करायला मात्र सर्वसाधारण सभेचा ठराव लागेल; तो दाखवल्याशिवाय मी किल्ल्या देणार नाही, आणि हे मी सभासद म्हणून जबाबदारीने लिहिते आहे.

आपले उत्तर लेखी आणि सर्व सभासदांना पाठवलेले असावे, ही विनंती.

आपली नम्र,
संस्थेची एक सभासद, टेनर व्हायलवादक आणि प्रतींच्या संग्रहाची सांभाळकर्ती